‘तुझी आजी कोण?’ : एका मेटी बाईचं घर, काम आणि गाव

कॅनडाचं नागरिकत्व मिळवायचं तर एक छोटी सरकारी पुस्तिका वाचून परीक्षा द्यावी लागते. इथे आलेल्या मराठी घरांत ती कधी ना कधी जेवणाच्या टेबलावर पडलेली असतेच. देशाच्या मूळ रहिवाशांचे तीन गट त्यात सांगितले आहेत. ज्यांना पूर्वी ‘इंडियन’ म्हणत आणि आता फर्स्ट नेशन्स म्हणतात ते पहिले, इनुइट दुसरे आणि मेटी तिसरे. पहिले दोन चटकन लक्षात राहतात. तिसऱ्यापुढे ‘मूळनिवासी आणि युरोपीय असा मिश्र वंश’ अशा अर्थाचं एक वाक्य येतं. आपण ते घोकतो, उत्तर बरोबर देतो आणि विसरतो.

मीही तसंच केलं होतं. पुढे अल्बर्टा प्रांतातल्या एका छोट्या गावात राहायला गेले. तिथल्या सभागृहात दर मंगळवारी संध्याकाळी मणीकाम शिकवणाऱ्या, साठी ओलांडलेल्या एका मेटी बाईंशी ओळख झाली. अख्खं गाव त्यांना आंटी म्हणतं, म्हणून मीही आंटीच म्हणू लागले. दिवसभर शाळेत मदतनीस म्हणून नोकरी, घरी दोन नातवंडं आणि उरलेला सगळा वेळ गावाचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीत घालून दूरच्या दवाखान्यात न्यायचं, कोणी गेलं की सभागृहात शंभर माणसांचा स्वयंपाक करायचा, पोरांच्या हॉकीसाठी वर्गणी गोळा करायची आणि शनिवारी वंशावळीचे कागद शोधायला आलेल्यांसोबत बसायचं. महिन्याभरात मी एकदा म्हटलं, “आंटी, किती समाजसेवा करता हो तुम्ही!” त्या सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अगं, समाजसेवा कसली? हे सगळे माझे नातेवाईकच आहेत.”

मला ती बोलण्याची रीत वाटली. पण त्या अगदी शब्दशः बोलत होत्या. त्या एका वाक्याचा अर्थ लागायला मला साडेतीनशे वर्षांचा इतिहास वाचावा लागला. तो इथे जमेल तितका सोपा करून सांगते, कारण त्याशिवाय मेटी बाईचं साधं रोजचं आयुष्यही कळत नाही.

आधी नाव. स्पेलिंगमध्ये शेवटी ‘एस’ असला तरी तो उच्चारत नाहीत, मेटी म्हणायचं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘मिश्र’. आणि सगळा घोटाळा या अर्थापासूनच सुरू होतो.

२ मे १६७० रोजी इंग्लंडच्या राजाने हडसन्स बे कंपनीला सनद दिली आणि हडसनच्या उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांच्या खोऱ्यांत व्यापाराचा मक्ता बहाल केला. तिथे राहणाऱ्यांना अर्थातच कोणी विचारलं नाही. व्यापार होता कातड्यांचा, मुख्यतः बीव्हर नावाच्या पाणथळ प्राण्याच्या. त्याच्या मऊ केसांचा नमदा करून युरोपात पुरुषांच्या टोप्या बनत. पुढे मॉन्ट्रियलहून नॉर्थ वेस्ट कंपनी मैदानात उतरली. एकीकडून स्कॉटिश, दुसरीकडून फ्रेंच तरुण या अफाट मुलखात येऊन पडले आणि त्यांनी क्री, ओजिब्वे, डेने या मूळनिवासी समाजांतल्या मुलींशी लग्नं केली. पाद्री नव्हते, चर्च नव्हतं. मुलीच्या घरच्यांची संमती, भेटवस्तू आणि तिथली रीत एवढ्यावर लग्न होई. याला ‘देशरीतीचं लग्न’ म्हणत.

या लग्नांत बाई काय आणायची ते नीट पाहायला हवं. बर्फावर चालायच्या जाळीदार पादत्राणांची वीण तिची. मोकासिन, म्हणजे कातडी बूट, ती शिवायची. झाडाच्या मुळांच्या दोऱ्याने भूर्जसालीची होडी तीच शिवायची. भाषा तिची, रस्ते तिच्या माहितीचे. तिच्या भावाबंदांमुळे नवऱ्याला त्या मुलखात शत्रूऐवजी जावई म्हणून जागा मिळायची. हा व्यापार तिच्या हातांवर आणि तिच्या नात्यांवर उभा होता. कंपन्यांच्या हिशेबवह्यांत मात्र ती क्वचितच दिसते.

मग या जोडप्यांची सगळी मुलं मेटी झाली का? नाही. आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. पुष्कळशी मुलं आईच्या समाजात मिसळली, काही बापाच्या. पण आज जिथे विनिपेग आहे त्या रेड नदीच्या काठी आणि पश्चिमेच्या गवताळ मैदानात या मुलांची एकमेकांत लग्नं होत गेली. दोन-तीन पिढ्यांत त्यांची स्वतःची भाषा, पोशाख, नाच, शिकारीचे कायदे आणि झेंडा तयार झाला. निळ्यावर पांढरं, आडवं पडलेल्या इंग्रजी आठसारखं अनंताचं चिन्ह असलेला हा झेंडा दोनशे वर्षांहून जुना आहे. म्हणजे मेटी हे एक राष्ट्र आहे, लोकसमूह आहे. मिश्र रक्त ही त्याची सुरुवात, ओळख नव्हे. क्री भाषेत त्यांना ‘ओटिपेमिसिवाक’ म्हणतात, म्हणजे स्वतःचे मालक स्वतःच असलेले लोक. हे नाव मला फार आवडतं. ‘मिश्र’ या नावात आईबाप दिसतात, या नावात ते स्वतः दिसतात.

२०२१ च्या जनगणनेत ६,२४,२२० लोकांनी स्वतःला मेटी म्हणून नोंदवलं.

त्यांची भाषा मिचिफ. भाषाशास्त्रज्ञांना तिचं अजूनही नवल वाटतं, कारण तिच्यात नामं फ्रेंच आणि क्रियापदं क्री आहेत. क्रीचं क्रियापद भयंकर गुंतागुंतीचं असतं, एका शब्दात अख्खं वाक्य मावतं. दोन भाषा मोडक्यातोडक्या येणाऱ्यांना अशी भाषा घडवता येत नाही. दोन्ही पक्क्या येणाऱ्यांनाच ती जमते. वस्तूंची नावं बापाकडून आणि क्रिया आईकडून, असं ढोबळमानाने म्हणता येईल. सगळे मेटी मिचिफ बोलत नसत. आज ती बोलणारे फार थोडे उरलेत आणि बहुतेक वयस्क आहेत. आंटींना लहानपणीची काही गाणी आणि आजीच्या शिव्या तेवढ्या येतात. आजीला त्या ‘कोकम’ म्हणतात. आपल्या कानाला आधी सोलकढीच आठवते, पण हा क्री भाषेतला शब्द आहे.

बायसन, ज्याला बोलीत बफेलो म्हणतात, त्याच्या शिकारीवर हे लोक जगत. ही शिकार म्हणजे चालतं गाव असायचं. १८४० साली रेड नदीकाठच्या वस्तीतून निघालेल्या एका तांड्यात १,२१० गाड्या आणि १,६३० माणसं मोजली गेली. या गाड्या संपूर्ण लाकूड आणि कच्च्या कातड्याच्या, लोखंडाचा खिळासुद्धा नाही. दोन उंच चाकं, आस कोरडाच. धूळ बसून घट्ट होते म्हणून त्याला वंगण घालत नसत आणि गाड्यांचा करकराट मैलांवर ऐकू जाई. निघताना कप्तान निवडला जाई, नियम ठरत. सगळ्यांच्या आधी एकट्याने पुढे धावून कळप उधळायचा नाही, हा त्यातला मोठा नियम. मोडणाऱ्याला शिक्षा होई.

गोळी पुरुष झाडायचे. त्यानंतरचं काम बायकांचं, आणि ते उन्हात मांस नासायच्या आत उरकावं लागे. मांसाच्या पातळ लांब पट्ट्या काढायच्या, काठ्यांच्या मांडवावर वाळवायच्या, वाळल्यावर कुटून भुगा करायचा. त्यात वितळलेली चरबी आणि सॅस्काटून नावाची जांभळी रानफळं मिसळायची. हे मिश्रण बायसनच्याच कातड्याच्या पिशवीत भरून तोंड शिवून टाकायचं. गार होताना पिशवी उलटीपालटी करून चपटी केली की गाडीत थर लावता येतात. एका पिशवीचं वजन साधारण ४० किलो. हेच पेमिकन. ते वर्षानुवर्षं टिकायचं. कातड्यांच्या व्यापारातल्या होड्या यावरच चालत, कारण वल्हवणाऱ्याला दिवसभर ताकद देणारं दुसरं अन्न इतक्या कमी जागेत मावत नसे.

या तांड्यांची आठवण स्वतःच्या तोंडाने सांगून गेलेली एक बाई आहे, व्हिक्टोरिया कॅलिहू. जन्म १८६१, अल्बर्टातल्या लॅक सेंट ॲन या तळ्याकाठच्या वस्तीत. तेराव्या वर्षी ती आईबरोबर पहिल्यांदा शिकारीला गेली. तिची आई औषधं जाणणारी आणि हाडं बसवणारी होती. घोड्यावरून पडून कोणाचा हात-पाय मोडला की तांड्याला तीच लागायची. तेरा वर्षांच्या या मुलीने गाडी हाकली. पुढे संसार, डझनभर मुलं, शेती, मालवाहतूक. बायसन संपले, गाड्या गेल्या, रेल्वे आली, मोटारी आल्या, दोन महायुद्धं झाली. १९६६ साली ती गेली तेव्हा १०४ वर्षांची होती. रेड रिव्हर जिग या झपाझप पायांच्या नाचासाठी तिचं म्हातारपणीही नाव होतं. तिच्या आईचं काम वाचलं तेव्हा मला आंटींची गाडी आठवली. तांडा गेला, पण कोणाचं हाड मोडलं तर कोणाकडे जायचं, हे ठरलेलं आहे.

आता जमीन कशी गेली ते.

१८६९ मध्ये हडसन्स बे कंपनीने हा सगळा मुलूख कॅनडाला हस्तांतरित करायचं ठरलं, मोबदला ३ लाख पौंड. रेड नदीकाठी तेव्हा जवळजवळ १२ हजार लोक होते आणि त्यातले सुमारे १० हजार मेटी. त्यांना पुन्हा कोणी विचारलं नाही. त्यांची शेतं नदीपासून मागे लांबच लांब गेलेल्या अरुंद पट्ट्यांची होती, म्हणजे प्रत्येक घराला पाणी, झाडी आणि मागे गवत मिळे. सरकारी मोजणीदार आले ते चौकोन पाडायला. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी लुई रिएल नावाच्या पंचविशीही न गाठलेल्या मेटी तरुणाने मोजणीच्या साखळीवर पाय ठेवला आणि पुढे जायचं नाही म्हणून सांगितलं. त्यातून हंगामी सरकार उभं राहिलं, बोलणी झाली आणि १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत जन्माला आला. त्याच्या कायद्यात मेटी मुलांसाठी १४ लाख एकर राखून ठेवायचं वचन होतं.

ते वचन इतकं रेंगाळत आणि इतकं चुकत पाळलं गेलं की जमीन हातात येईपर्यंत बहुतेक घरं पश्चिमेला निघून गेली होती. २०१३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारने यात आपली इभ्रत राखली नाही. एकशे त्रेचाळीस वर्षांनी.

पश्चिमेला स्क्रिप आलं. स्क्रिप म्हणजे सरकारने दिलेला कागद. ‘तुमचा या भूमीवरचा मूळ हक्क आम्ही या कागदाने मिटवतो’ असा त्याचा अर्थ. त्यावर आधी १६० आणि पुढे २४० एकर किंवा तितकेच डॉलर लिहिलेले असत. फर्स्ट नेशन्सशी सरकारने समूह म्हणून करार केले, राखीव जमिनी ठेवल्या. मेटींना मात्र एकेकटं गाठलं. पैशाचं स्क्रिप ज्याच्या हातात त्याचं. जमिनीचं असेल तर माणसाने स्वतः दूरच्या जमीन कचेरीत जायचं, जिथे आधीच मोजणी झालेली आहे अशाच भागातली जमीन निवडायची. ती बहुतेकदा त्याच्या गावापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर असे. म्हणून सटोडिये स्क्रिप वाटणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पाठोपाठच फिरत आणि कागद हातात पडताक्षणी रोख मोजून विकत घेत. जमिनीचा कागद असेल तर कचेरीत भलत्याच माणसाला ‘हाच तो’ म्हणून उभं करत. १८९९ मध्ये अल्बर्टाच्या उत्तरेला फर्स्ट नेशन्सशी झालेल्या आठव्या कराराबरोबर स्क्रिप वाटलं गेलं, तेव्हा पैशाचे १,१९५ आणि जमिनीचे फक्त ४८ कागद दिले गेले. १९२१ मध्ये तर फौजदारी कायद्यात बदल करून या फसवणुकींवर तीन वर्षांची मुदत घातली गेली, म्हणजे जुन्या तक्रारी आपोआप बाद. हे वाचताना अंगाचा तिळपापड होतो.

स्क्रिपची आणखी एक जखम कमी बोलली जाते. एकाच घरातल्या एका बहिणीने करार घेतला आणि दुसरीने स्क्रिप, तर कायद्याने एक ‘इंडियन’ आणि दुसरी ‘मेटी’ झाली. त्यांची नातवंडं आज दोन वेगवेगळ्या यादींत आहेत. त्यात भर म्हणजे १९८५ पर्यंत फर्स्ट नेशन्समधल्या मुलीने ‘इंडियन’ लोकांच्या सरकारी यादीबाहेरच्या माणसाशी लग्न केलं की तिचा ‘इंडियन’ दर्जा जाई, वस्तीत राहायचा हक्क जाई. पुरुषाने बाहेरची बायको केली तर उलट तिला दर्जा मिळे. अशा कित्येक जणी मेटी गावांत येऊन राहिल्या. आंटींची आई त्यांतलीच. मेटी गावात कोण कोणाची कोण लागते हे इतकं गुंतागुंतीचं का असतं, याचं उत्तर इथे आहे.

१८८५ मध्ये सास्काचेवान नदीकाठी बाटोशला शेवटचा लढा झाला. मे महिन्यातल्या चार दिवसांत तो चिरडला गेला. गोळ्या संपत आल्या तेव्हा बायका शिसं वितळवून नव्या ओतत होत्या. १६ नोव्हेंबरला रिएलला रेजायना इथे फाशी दिलं. आज मॅनिटोबात फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी त्याच्या नावाची सुट्टी असते.

त्यानंतरची पन्नास-साठ वर्षं मेटी लोक ‘रोड अलाउन्सवाले’ म्हणून ओळखले गेले. मोजणीदारांनी चौकोन पाडले तेव्हा चौकोनांच्या मध्ये पुढेमागे रस्ता काढायला सरकारी पट्टी सोडली होती, कुठे ६६ फूट रुंद, कुठे ९९. ज्यांच्या नावावर कसलाच कागद नव्हता त्यांनी या पट्टीवर ओंडक्यांची घरं बांधली. जमीन नाही म्हणून कर नाही. कर नाही म्हणून बऱ्याच ठिकाणी मुलांना गावच्या शाळेत जागा नाही. बाप शेतकऱ्यांच्या रानातले दगड वेचायचे, आया धुणीभांडी करायच्या, सेनेका नावाचं औषधी मूळ खणून विकायच्या, रानफळं बादलीने विकायच्या. मॅनिटोबात सेंट मॅडलीन नावाची वस्ती होती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ती जागा सामाईक गायरानासाठी घेतली गेली. घरं जाळली, कुत्र्यांना गोळ्या घातल्या. राहिली ती फक्त दफनभूमी. उन्हाळ्यात वंशज तिथे अजून जमतात.

ज्या लोकांकडे ना करार, ना राखीव जमीन, ना शाळा, त्यांच्याकडे आजारपणात, बाळंतपणात, मयतीला कोण धावून येणार? शेजारची मावशी. तिच्या घरी कोणी आजारी पडलं तर ही. हे नातं धरून राहण्याला क्री भाषेत ‘वाहकोहतोविन’ म्हणतात. रक्ताचं, लग्नाचं, मानलेलं आणि ज्या जमिनीवर, ज्या प्राण्यांवर जगतो त्यांच्याशी असलेलंही नातं, आणि त्या नात्यातून येणारं कर्तव्य, असा त्याचा पसारा आहे. म्हणून आंटी म्हणाल्या की समाजसेवा कसली. सरकारी अर्जात त्या रकान्याला ‘स्वयंसेवा’ म्हणतात खरं, पण जे बाहेरून स्वयंसेवा दिसतं ते आतून घरकामच आहे, फक्त घर गावाएवढं मोठं आहे.

मंगळवारच्या मणीकामात हे मला जवळून दिसलं. मेटींना एकेकाळी शेजारचे समाज ‘फुलांच्या मणीकामाचे लोक’ म्हणत. हे काम दोन सुयांनी होतं. एका सुईच्या दोऱ्यात मणी ओवायचे आणि ती माळ रेघेवर बसवायची. दुसऱ्या सुईने दर दोन-तीन मण्यांनंतर बारीक टाका घालून ती कापडावर पक्की करायची. दोऱ्याला मेण चोळलेलं असतं, नाहीतर तो गुंततो. मण्याचा नंबर जितका मोठा तितका मणी बारीक. अकरा नंबर मला जमला, तेरा नंबर डोळ्यांना झेपला नाही. देठांना दोन्ही बाजूंनी छोटे छोटे मण्यांचे काटे काढतात, त्यांना ‘उंदराची पावलं’ म्हणतात. खाली मूस नावाच्या थोराड हरणाचं धुरावलेलं कातडं असतं. त्या खोलीत शिरलं की चुलीसारखा वास यायचा. मी वाकडी गेलेली पाकळी झाकायला वर आणखी मणी लावत होते. आंटींनी माझ्या हातातून काम घेतलं, वीसेक टाके शांतपणे उसवले, मणी मोजून वाटीत ठेवले आणि म्हणाल्या, “माझी कोकम असं उसवून घ्यायची. मी रडायचे. मग ती मला चहा द्यायची.” आणि मलाही चहा दिला.

तेवढ्यात फोन वाजला. गावातलं कोणीतरी गेलं होतं. कोणी काही ठरवलं नाही, कोणी कोणाला सांगितलं नाही, तरी दहा मिनिटांत मणी डब्यात गेले आणि मोठी पातेली बाहेर आली. एकीने मूसचा खिमा कोणाच्या फ्रीझरमध्ये आहे ते सांगितलं. एकीने बॅनकचं, म्हणजे जाड भाकरीसारख्या पावाचं पीठ मळायला घेतलं. खिम्याचे गोळे बटाट्याच्या रश्श्यात सोडायचे, त्यांना ‘बुलेट’ म्हणतात. खरं तर नववर्षाचा पदार्थ, पण शंभर माणसांना पुरवता येतो म्हणून मयतीलाही होतो. रात्री अकराला मी घरी आले तेव्हा बोटांना कांद्याचा वास होता आणि पाकळी तशीच अर्धी.

हे काम पुढे कुठवर जातं, याचं सार्वजनिक उदाहरण थेल्मा शॅलिफू. १९२९ मध्ये कॅलगरीत जन्मलेली मेटी मुलगी. नवऱ्यापासून वेगळी होऊन सात मुलांची आई म्हणून एकटी उभी राहिली. अल्बर्टाच्या उत्तरेला स्लेव्ह लेक नावाचं गाव आहे, आजही लोकसंख्या सात हजारांच्या आत. तिथलं मैत्री केंद्र उभारणाऱ्यांत ती होती. मैत्री केंद्र म्हणजे रानातून, वस्तीतून गावात आलेल्या मूळनिवासी माणसाला चहा, फोन, खोलीचा पत्ता आणि आपल्या भाषेत बोलणारं कोणी मिळेल अशी जागा. पीस रिव्हर या आणखी एका छोट्या गावच्या रेडिओवरून ती बोलायची. १९९७ मध्ये ती कॅनडाच्या सेनेटवर गेली, तिथे पोचलेली पहिली मूळनिवासी स्त्री. लोक ‘सिनेटर’ म्हणून सांगतात. मला मैत्री केंद्र जास्त मोठं वाटतं, कारण सेनेटचं पद कोणीतरी दिलं, केंद्र मात्र तिने आणि तिच्यासारख्यांनी शून्यातून काढलं.

नोकरीचंही असंच. ज्यांच्या आजीला शाळेत घेतलं नाही त्या बायका शिक्षिका झाल्या. सास्काचेवान प्रांतात १९८० मध्ये गॅब्रिएल ड्युमाँट संस्था सुरू झाली आणि तिथे मेटी शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम चालू झाला. बाटोशच्या लढाईतल्या सेनापतीचं नाव शिक्षक घडवणाऱ्या संस्थेला दिलं, हे मला फार नेमकं वाटतं. अल्बर्टात १९३८ च्या कायद्याने मेटींना वस्त्यांसाठी जमीन मिळाली. आज अशा आठ वस्त्या आहेत, मिळून सुमारे साडेबारा लाख एकर, आणि मेटींना सामाईक मालकीची एवढी जमीन कॅनडात इतर कुठे नाही. बाकीचे तुमच्या-माझ्यासारखे गावाशहरांत राहतात. २०२३ च्या मे महिन्यात या आठांतल्या ईस्ट प्रेअरी वस्तीत वणव्याने घरं जळाली. अशा वेळी आसपासच्या गावांतली सभागृहं उघडतात, आणि किल्ल्या बहुतेकदा एखाद्या आंटीकडेच असतात.

शेवटी कायद्यातली ओळख. १९८२ च्या राज्यघटनेत मेटींचं नाव आलं, पण मेटी कोण हे लिहिलं नव्हतं. १९९३ मध्ये ऑन्टारिओ प्रांतातल्या सू सेंट मेरी गावाजवळ पाउली नावाच्या बापलेकांनी एक मूस मारला, परवाना नाही म्हणून खटला झाला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देताना तीन कसोट्या सांगितल्या. माणूस स्वतःला मेटी मानतो का? ऐतिहासिक मेटी समाजाशी त्याचा पूर्वजांकडून धागा आहे का? आणि आजचा समाज त्याला आपला म्हणतो का?

दुसऱ्या कसोटीसाठी लोक शनिवारी आंटींकडे येतात. एकदा मी तिथे असताना एक तरुण आला. त्याच्या घरी ‘आपण फ्रेंच’ एवढंच सांगायचे. पूर्वी कित्येक घरांनी असंच सांगितलं, मुलांना शाळेत आणि कामावर त्रास नको म्हणून. आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक मणीकामाची पिशवी सापडली आणि तो विचारत विचारत इथवर आला. आंटींचा पहिला प्रश्न होता, “तुझी आजी कोण? माहेरचं नाव?” मग तिची आई, मग तिची. तासाभराने संगणकावर राष्ट्रीय अभिलेखागारातली एक प्रत उघडली. स्क्रिपसाठीचं प्रतिज्ञापत्र. त्यात जन्मगाव, आईबापांची नावं, नवऱ्याचं नाव, मुलांची नावं, त्यांतली किती जिवंत, किती गेली. तळाशी सहीच्या जागी फुली.

ज्या कागदाने जमीन गेली त्याच कागदावर आज ओळख सिद्ध होते, कारण हिशेबवहीत न आलेली बाई या एका कागदावर नावानिशी आहे. आंटींनी पडद्यावरच्या फुलीवर बोट ठेवलं आणि त्याला ते नाव मोठ्याने वाचायला लावलं. त्याने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा त्याचा आवाज फुटला.

डोळे पुसून त्याने विचारलं की दोन कसोट्या झाल्या असतील, पण तिसरीसाठी कुठला फॉर्म भरायचा? आंटींनी छापलेली प्रत पाकिटात घालून त्याच्या हातात दिली आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं. तिथे दाराशी बटाट्याचं पोतं उभं होतं. म्हणाल्या, “मंगळवारी साडेपाचला ये. चाकू इथे आहेत.”